न घेतलेल्या घरांची दलाली

दलालाला पैसे द्यायचे तरी कशाचे, हा माझा जुना प्रश्न. मी अकोल्यातल्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मी नुसता विचारत नाही, आकडा मांडून विचारते. पस्तीस लाखांचं घर, दोन टक्के दलाली, म्हणजे सत्तर हजार रुपये. एवढ्या पैशांत तो माणूस काय करतो? कुलूप उघडतो, पंख्याचं बटण दाबतो, ‘हवा पाहा मॅडम’ म्हणतो आणि कुलूप लावतो. वर तेवढेच पैसे विकणाऱ्याकडूनही घेतो. दोन्ही हातांनी जेवणारा माणूस, असं मी स्टाफरूममध्ये म्हणत असे आणि सगळे हसत. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी दलालामार्फतच घरं घेतली होती, ही गोष्ट वेगळी.

हा राग नुसता तोंडी होता तोवर ठीक होतं. मग आईसाठी घर शोधायची वेळ आली.

बाबा गेल्यापासून आई अमरावतीत राजापेठेच्या मागे आमच्या जुन्या घरात एकटीच राहायची. तिथलं तिचं सगळं छान चाललं होतं. एके दिवशी मात्र दारासमोर उभी असलेली शेजारणीची मोपेड तिला दिसलीच नाही, आणि ती मोपेडसकट आडवी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही बराच पुढे गेलेला. तिला समोरचं दिसत होतं, आजूबाजूचं नाही, नळीतून पाहावं तसं. गेलेली नजर परत येत नाही आणि आहे ती किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर, कदाचित थोडं जास्त.

मी आईला म्हटलं, चल अकोल्याला माझ्याकडे. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण आईची अडचण जिन्याची नव्हती.

“तुया घरी मी पाहुनी,” ती म्हणाली. “पाहुनीचे डोये गेले का तिले एका खुर्चीत बसवते. मंग ‘आई, तू उठू नको, मी देतो.’ मले उठाचं हाय. मले माया हातानं चहा करून पियाचा हाय. तुया घराजवळ एक खालच्या मजल्याचं घर पाहून दे. पन लवकर पाह्य. मले दिसते तवरक घर पाठ करून घेतो. डोये गेल्यावर तू मले महाल देला तरी त्याचं दार कुठं हाय ते मले समजनार नाही.”

ती हे रडून वगैरे बोलली नाही. ज्वारी निवडता निवडता बोलली. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आई घर मागत नव्हती, मुदत सांगत होती, आणि ती मुदत कोणाच्याच हातात नव्हती.

अमरावतीचं घर विकायला काही त्रास पडला नाही. शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यांना जागा वाढवायची होती. भिंतीपलीकडून विचारलं, भिंतीअलीकडून हो म्हटलं. दिवाळीपर्यंत खुशाल राहा, असंही ते म्हणाले. दलालाला एक दमडी गेली नाही याचा मला इतका अभिमान वाटला की तो मी अकोल्यात चार जणांना ऐकवला.

मग अकोल्यात दोन महिने मी स्वतः घर शोधलं. मोबाइलवरच्या जाहिराती पाहिल्या. ‘थेट मालक, दलाल नको’ लिहिलेल्या पाट्यांवरचे नंबर उतरवून घेतले. त्यांतले निम्मे नंबर दलालांचेच निघाले. रविवारी स्कूटी काढून गल्ल्यागल्ल्यांतून फिरले. अकोल्यात घर पाहायला गेलं की आधी नळ कितव्या दिवशी येतो ते विचारायचं आणि मग बोअरचं पाणी चाखून पाहायचं, खारं आहे का ते. एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं. जे घर आवडे ते महाग असे, जे परवडे त्याच्या कागदांत तीन भाऊ आणि दोन बहिणी निघत. आषाढ गेला, श्रावण गेला. आई फोनवर विचारायची, “सापडलं का वं?” आणि मी म्हणायचे, पाहतेय. एकदा ती सहज बोलून गेली की आता सुईत दोरा ओवायला शेजारच्या सुनेला बोलवावं लागतं. त्या दिवशी मी हट्ट सोडला.

शाळेतल्या शिपायाने एका दलालाचा पत्ता दिला. पत्ता म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची प्लॅस्टिकची खुर्ची. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, गळ्यात दुपट्टा, शेजारी जुनी स्कूटर आणि तिच्या डिकीत किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला.

“दोन टक्के,” तो म्हणाला.

“एक,” मी म्हटलं.

“मॅडम, वांगे नाही घेऊन राह्यल्या तुमी.”

शेवटी दीडवर आलो. त्याने विचारलं, राहणार कोण? मी आईचं सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. तो जुडग्यातल्या किल्ल्या चाळू लागला. मग म्हणाला, “तुमी एकट्या येऊ नका मंग. मावशीले आना. ज्याले राहाचं हाय त्यानंच घर पाहावं.”

म्हणून आई अमरावतीहून बसने आली आणि आमचं तिघांचं घर पाहणं सुरू झालं. तो पुढे स्कूटरवर, आम्ही मायलेकी मागे ऑटोत.

पहिल्याच घरी त्याने जे केलं ते पाहून मला वाटलं, हा माणूस नाटक्या आहे. त्याने आईला खुर्चीवर बसवलं, गळ्यातला दुपट्टा काढला, स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधला आणि झोपायच्या खोलीतून न्हाणीकडे चालायला लागला. घरमालक तोंड उघडं टाकून बघत होता. आई हसायला लागली, “भाऊ, पडसान ना!” तो पडला नाही, पण न्हाणीच्या पायरीला त्याची नडगी सणकून लागली. दुपट्टा सोडून तो नडगी चोळत मालकाला म्हणाला, घर चांगलं हाय, कळवतो. मग आम्हाला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर नेऊन म्हणाला, “नको. तीन पायऱ्या हायेत आनं तिन्ही वेगयेगळ्या उंचीच्या. डोयस मानसाले ते समजत नाही.”

ही त्याची रीत होती. मालकाच्या दारात घराची खोड काढायची नाही. जे काय सांगायचं ते टपरीवर. दुसऱ्या घरात पाण्याच्या टाकीचं झाकण वाटेतच जमिनीत होतं. तिसऱ्या घराला मी हो म्हणणारच होते, तर तो म्हणाला, मावशी, तुमाले शेजार नाही इथं, दोन्हीकडचे दोघंही नोकरीवाले, दिवसभर कुलूप. पडल्या तर हाक कोनाले मारसान?

आई त्याच्यावर खूश. मी मात्र घरी येऊन हिशोब करत होते. आठवडा गेला, तीन घरं झाली, हा स्वतःच घरं नाकारतो. दुसरा दलाल गळ्यात मारायला बघतो आणि हा काढून घ्यायला. यात नक्कीच काहीतरी डाव असणार असं मला वाटायला लागलं. संशयी माणसाला चांगुलपणाचाही हिशोब लागत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाही डाव म्हटलं असतं.

चौथं घर कौलखेडकडचं. खालचा मजला, मोठ्या खिडक्या, सगळीकडे एकसारखी फरशी, एकही पायरी नाही. दलाल दुपट्टा बांधून आरपार चालला आणि कुठेच धडकला नाही. माझा जीव भांड्यात पडला. भिंतीला लागून एक मंगल कार्यालय होतं. भाद्रपद होता, लग्नं नव्हती, कार्यालयाचं मोठं पटांगण दुपारच्या उन्हात रिकामं पडलेलं. मला तर ते बरंच वाटलं, समोर मोकळी हवा.

फाटकाबाहेर आल्यावर तो म्हणाला, “हे नको.”

“का नको?”

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. दुसऱ्या कोणाची तरी रजिस्ट्री होती, पक्षकार येऊन बसले होते. “काऊन ते संध्याकाळी फोनवर सांगतो,” एवढं म्हणून त्याने स्कूटरला किक मारली.

स्कूटर वळणावरून दिसेनाशी होते न होते तोच घरमालक फाटकापाशी आला. आई ऑटोत बसली होती. तो आवाज खाली आणून मला म्हणाला, “मॅडम, मधला मानूस कायले पाह्यजे? थेट बसू. तुमची दलाली वाचते, मायी वाचते. वरून एक लाख मी कमी करतो.”

मला लगेच उलगडा झाला, असं मला वाटलं. मालक याला हवी तेवढी दलाली देत नसणार, म्हणून याला घर नको. सापडला डाव! संध्याकाळी त्याचा फोन आला तो मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी आला तोही नाही. तिसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपरवर लिहून एक लाखाचा इसार दिला. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. घेणारा मागे फिरला तर तो बुडतो. आईला सांगितलं, भाऊ बाहेरगावी गेलेत, पण त्यांना विचारूनच ठरवलं. आयुष्यात मी आईशी फार खोटं बोलले नाही. जे थोडं बोलले त्यात हे सगळ्यात सोपं गेलं, आणि म्हणून आजही सगळ्यात जास्त बोचतं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन पुन्हा त्या घरी गेले. तिला आतापासूनच खोल्या पाठ करू द्याव्यात असा माझा बेत. मालकाने किल्ली दिली होती. त्या दिवशी कार्यालयात कोणाचा तरी पंचाहत्तरीचा कार्यक्रम होता. आम्ही आत शिरलो तेव्हा नुसता माइक चालू होता. आई भिंतीला हात लावून खोली मोजत होती, सहा पावलं दारापर्यंत, चार खिडकीपर्यंत. मी स्वयंपाकघरात ओटा पाहत होते. आणि डीजे सुरू झाला.

खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. मी कानावर हात ठेवून बाहेरच्या खोलीत आले. आई खोलीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात थोडे पुढे केलेले. भिंत तिच्यापासून हातभर अंतरावर होती, दार समोर होतं, पण ती हलेना. तिची मान इकडून तिकडे वळत होती, कोणी हाक मारतंय का ते शोधावं तशी. मी दोनदा “आई” म्हणाले, तिला ऐकू गेलं नाही. खांद्याला हात लावला तर ती केवढ्याने दचकली.

रस्त्यावर येऊन ऑटोत बसेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. मग म्हणाली, “आज मी आंधळी झाली होती. डोये असून.”

तिची नजर जात होती तसतशी ती कानांवर चालायला लागली होती, हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, सुचलं नव्हतं. भांड्याच्या आवाजावरून ती माप ओळखायची, पावलांवरून माणूस ओळखायची. आणि मी तिला लग्नाच्या कार्यालयाशेजारी बसवायला निघाले होते. अजून तर एकाही लग्नाची वरात आली नव्हती.

“भाऊ हे घर नको म्हणे,” आई म्हणाली. “त्यानं तुले काऊन नको ते सांगतलं नाही?”

“मी फोन उचलला नाही,” मी म्हटलं. आणि मग सगळंच सांगितलं. इसाराचं, थेट बसण्याचं, सगळं.

आई रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, “लाव त्याले फोन. आताच. मायासमोर.”

मी लावला. आजही आठवलं की कान गरम होतात. तो संध्याकाळी आमच्या फ्लॅटवर आला, तीन जिने चढून, दम खात. पाणी प्यायला. आई हात जोडून म्हणाली, “भाऊ, माया लेकीनं तुमचा हक्क मारला.”

“मारला नाही मावशी,” तो म्हणाला, “मारता मारता राह्यला.” आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही, रडू आलं, आणि रडू आलं म्हणून परत रागही आला. त्याच्यावर नाही, माझ्या सत्तर हजारांच्या गणितावर.

सौदा मोडतो म्हणून कळवल्यावर घरमालकाने अपेक्षेप्रमाणे हात वर केले, इसार बुडाला म्हणाला. लाख रुपये म्हणजे माझे कितीतरी महिन्यांचे वाचवलेले. दलालाने मला त्या घराकडे भांडायला जाऊच दिलं नाही. दहा-बारा दिवसांनी त्याने त्या घराला दुसरं गिऱ्हाईक आणलं, मंडप-डेकोरेशनचं काम करणारा एक जण. त्याला कार्यालयाच्या भिंतीला लागून घर म्हणजे सोन्याहून पिवळं, सामान वाहायचं भाडंही वाचणार! मालकाला पूर्ण भाव मिळाला, माझा इसार परत आला, डेकोरेशनवाल्याला घर मिळालं आणि दलालाला दोन्हीकडची दलाली मिळाली. “घर वाईट नसते मॅडम,” तो मला म्हणाला. “चुकीच्या मानसाच्या हाती लागते.”

इसाराचे पैसे परत द्यायला तो आला त्या दिवशी मी त्याला टपरीवर सरळ विचारलं. आढेवेढे न घेता. म्हटलं, “भाऊ, राग मानू नका. पण तुम्ही पैसे नक्की घेता कशाचे?”

त्याला राग आला नाही. हा प्रश्न त्याला कोणीतरी विचारावा म्हणून तो कधीचा थांबला असावा असं वाटलं.

“तुमी जे घर घेसान ना,” तो म्हणाला, “त्याचे मी काहीच घेत नाही. ते दाखवाले एक चक्कर लागते. मी घेतो ते न घेतलेल्या घराचे. दहा गिऱ्हाईकं फिरवतो तवा एक सौदा होते. नऊ जनांसंगं मी उन्हात फिरलो, पेट्रोल जायलं, ते नऊ जन मले चहा बी पाजत नाही. थे सगये पैसे त्या दहाव्याच्या दलालीत असते. आनं त्या दहाव्याले वाटते, यानं कुलूप उघडाचे सत्तर हजार घेतले.”

मी पंख्याचं बटण आणि कुलपाचं वाक्य किती वेळा म्हटलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पण आकडा बरोबर माझाच होता.

“पन यातले बहुतेक दलाल तुमी म्हनता तसेच हायेत,” तो पुढे म्हणाला. “ते बी खोटं नाही.” आणि बशीत चहा ओतला.

दसऱ्याला आठ दिवस असताना त्याने आईला डाबकी रोडकडचं एक घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण. माझ्या फ्लॅटपासून स्कूटीने दहा मिनिटं. मला ते पहिल्यांदा मुळीच आवडलं नाही. समोरच डाव्या हाताला पिठाची गिरणी, तिचा आवाज दिवसभर घरात. मी म्हटलं, भाऊ, पुन्हा आवाज?

“हा आवाज चांगला हाय,” तो म्हणाला. “तो आवाज सगयीकडून येत होता. हा एकाच जागेहून येते. मावशी, गिरनी कोन्या बाजूले हाय?”

आईने डोळे मिटून डावा हात वर केला.

“म्हंजे दार कुठं?”

तिने उजवीकडे थोडं वळून बोट दाखवलं. बरोबर दाराकडे. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून मी भाव करायचंच विसरले. भाव त्यानेच केला, बराच कमी करून दिला.

घर विकणारी एक रिटायर्ड नर्सबाई होती, मुलाकडे राहायला निघालेली. ताबा द्यायच्या दिवशी दलालाने तिला थांबवून घेतलं. म्हणाला, किल्ली बाईनं बाईच्या हातात द्यावी. नुसती किल्ली नाही, तिने आईचा हात धरून अख्खं घर फिरवलं. कोणता नळ गळतो, कोणत्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढायची, सकाळी ऊन कुठल्या भिंतीवर येतं, शाळेची घंटा कुठून ऐकू येते, कोणत्या शेजारणीला हाक मारली की ती लगेच येते. दोन तास दोघी फिरत होत्या. शेवटी नर्सबाईला रडू आवरेना, आणि आईच तिची समजूत काढत होती. दलाल अंगणात दगडावर बसून पेपर वाचत होता, जणू याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

रजिस्ट्री झाल्यावर मी दीड टक्क्याचं पाकीट पुढे केलं. त्याने मोजलं आणि म्हणाला, “दीड ठरलं तवा तुमी माया फोन उचलत होत्या, मॅडम. आता दोन.”

मी दोन दिले. कुरकुर केली, स्वभाव जातो कुठे. पण दिले.

दिवाळीच्या आधी आई तिथे राहायला आली. लहानपणी मी पाढे पाठ करायचे तसं ती घर पाठ करायला लागली, चुकत आणि पुन्हा पहिल्यापासून. दुपारी डोळे मिटून चालायची. डबे ठरल्या जागी, काडेपेटी ठरल्या जागी, मीठ आणि साखर एकमेकांपासून हातभर दूर. सुरुवातीला दोनदा पडली, एकदा दूध उतू घालवलं. मी ओरडले तर म्हणाली, तू जाय तुया शाळेत. मी रोज शाळा सुटल्यावर, दुपारी दीडच्या सुमाराला, तिच्याकडे जायचे. ती दार उघडायची, चहा टाकायची, गिरणीवर कोणाचं काय भांडण झालं ते सांगायची. डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जात होतो. ते मान हलवत आणि थेंब बदलून देत. “पाहू या” म्हणत आम्ही दिवस काढत होतो.

असं वर्ष होत आलं. पोळा झाला, गणपती आले. त्यातल्या एका दिवशी शाळेत पालकांची सभा होती, म्हणून मी दुपारी जाऊ शकले नाही, संध्याकाळी गेले. सात वाजत आले होते, बाहेर अंधारून आलेलं. आईने पावलं ओळखून दार उघडलं. “आज उशीर वं?” म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. आत काळोख होता. आलं किसल्याचा आवाज येत होता, मग पातेल्यात पाणी ओतल्याचा. मी भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब लागली नाही.

“आई, ट्यूब गेली आहे.”

“गेली का?”

“कधीपासून?”

“मले काय माहीत,” ती सहज म्हणाली.

मी तशीच उभी राहिले. गॅसच्या निळ्या उजेडात तिचे हात दिसत होते. साखरेचा डबा उघडला, दोन चमचे, झाकण लावलं, डबा जागेवर. एक दाणा सांडला नाही.

“आई,” मी म्हटलं. “तुला दिसत नाही?”

“पोयाच्या दिवशी सकायी उठली तं नव्हतं,” ती म्हणाली. “अजिबात.”

पोळ्याला अकरा दिवस झाले होते. अकराही दिवस मी आले होते. तिच्या हातचा चहा प्यायले होते, तिच्याशी भांडले होते, एकदा तर नवी साडी दाखवून रंग कसा आहे विचारलं होतं आणि तिने पदर बोटांत चोळून ‘चांगला हाय’ म्हटलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून ढसाढसा रडले. तिच्यासाठी रडत होते की माझ्यासाठी, मला सांगता येणार नाही.

आईने गॅस बंद केला, चहा गाळला आणि कप बरोबर माझ्यासमोर आणून धरला.

“मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सांगाची होती,” ती म्हणाली. “पन कुठं काही अडलंच नाही ना वं.”